नवाहो पुलावर दोन तास तरी थांबा

प्रश्न : ताई, मार्चच्या अखेरीस आईबाबा आमच्याकडे फीनिक्सला येतायत. बाबांना पक्ष्यांचं वेड, पण गुडघे दुखतात. आईला उन्हात फार चालवत नाही. एका शनिवार-रविवारात ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ, पेज, झायन आणि जमलं तर ब्राइस असा बेत केलाय. बाबांना कंडोर, म्हणजे इथलं प्रचंड गिधाड, बघायचंच आहे. कुठे दिसेल? आणि त्यांना दुर्बीण कोणती घेऊ?

उत्तर : झायन आणि ब्राइस आधी काढून टाका. चारही ठिकाणं दोन दिवसांत कोंबलीत तर बाबांना फक्त रस्ता दिसेल. आम्ही एकोणीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच सहलीत असेच धावलो होतो. अॅरिझोनाच्या उत्तरेला कोलोरॅडो नदीवर नवाहो पूल आहे, तिथे वीस मिनिटं आकाशाकडे बघितलं, काही दिसेना, म्हणून निघालो. गाडीचं दार उघडतोय तेवढ्यात एका आजोबांनी हाक मारून बोट खाली दाखवलं. पुलाच्या पोलादी तुळईवर, आमच्या पायांखाली जेमतेम पंधरा फुटांवर, कंडोर पंख पसरून ऊन खात बसला होता. नारिंगी-गुलाबी, पिसं नसलेलं डोकं, मानेभोवती काळी झालर, पंखावर आकड्याचा बिल्ला. थोड्या वेळाने त्याने तुळई सोडली आणि पिसांतून वारा कापत गेल्याचा आवाज आला, कोणी जड रेशमी साडी झटकावी तसा. कंडोरला गाण्याचा अवयवच नाही, तो नुसता फुसकारतो किंवा घुरघुरतो. त्यामुळे त्याच्या पंखांचा तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

तर बाबांना तिथेच न्या. शुक्रवारी रात्री फ्लॅगस्टाफला मुक्काम करा. हे गाव सुमारे सात हजार फुटांवर आहे, मार्चमध्ये बर्फही पडतो, स्वेटर लागतील. शनिवारी ८९ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला निघा, बिटर स्प्रिंग्जला डावीकडे ८९-ए घ्या. दोन तासांत पूल येतो. पहाटे उठायची गरज नाही. एवढं जड धूड हवा तापून वर उठायला लागल्याशिवाय फारसं उडत नाही. दहाच्या सुमारास पोहोचलात तरी चालेल.

तिथे दोन पूल शेजारी शेजारी आहेत. १९२९चा जुना पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, गाड्या १९९५च्या नव्या पुलावरून जातात. जुना पूल सपाट आहे, बाबांच्या गुडघ्यांना त्रास नाही. खाली ४६७ फुटांवर हिरवी कोलोरॅडो नदी. आधी कठड्यावरून खाली, दोन्ही पुलांच्या तुळया आणि कपारी नीट बघा, आकाश नंतर. लेन्सचं झाकण, टोपी, मोबाइल सांभाळा. खालून बोटी जातात.

आकाशातला पक्षी ओळखताना बाबांची हमखास गल्लत होईल ती टर्की व्हल्चरशी. मार्चमध्ये ती गिधाडंही परतलेली असतात. त्यांचे पंख उडताना इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले असतात आणि ती डोलत जातात. कंडोर पंख सपाट धरतो, विमानासारखा स्थिर जातो. पूर्ण वाढलेल्या कंडोरच्या पंखांखाली पुढच्या बाजूला पांढरा त्रिकोण दिसतो. पंखांचा पसारा साडेनऊ फूट. लहान आकृती आणि पाचरीसारखी शेपटी दिसली तर तो डोमकावळा.

बिल्ल्यावरचा आकडा बाबांना लिहून ठेवायला सांगा, कारण प्रत्येक आकड्यामागे एक नोंदलेला पक्षी आहे. १९८२ साली जगात फक्त २२ कॅलिफोर्निया कंडोर उरले होते. १९८७ला रानातला शेवटचाही पकडला आणि सगळे मिळून २७ पक्षी पिंजऱ्यात आले. एरवी मादी एका वेळी एकच अंडं घालते. ते उचलून उबवणीयंत्रात ठेवलं की बहुतेकदा दुसरं घालते, या युक्तीने संख्या वाढवली. पुलावरून दिसणाऱ्या व्हर्मिलियन क्लिफ्सच्या लाल कड्यांवरून डिसेंबर १९९६मध्ये अॅरिझोनातले पहिले पक्षी सोडले. २०२३च्या बर्डफ्लूत या थव्यातले २१ गेले, त्या बातमीने मला कितीतरी दिवस चैन पडलं नव्हतं. पण सगळ्यात मोठा शत्रू शिसं. शिकारी हरणाची आतडी रानात टाकून जातात, त्यात गोळीचे बारीक कण असतात, कंडोर ते खातो आणि विषबाधा होते. आपल्याकडे गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं गेली, तसंच हे दुखणं. बाबांना हा दुवा लगेच कळेल. राज्याचा वन्यजीव विभाग इथल्या शिकाऱ्यांना बिनशिशाच्या गोळ्या फुकट देतो आणि बहुतेक शिकारी त्या वापरतात, याचं मला फार समाधान वाटतं.

दुपारी नदीकाठच्या लीज फेरीला उतरा, पुलापासून अगदी जवळ आहे, प्रवेशशुल्क लागतं. वरच्या बाजूच्या धरणाच्या तळातून आलेलं पाणी तिथे काचेसारखं स्वच्छ आणि बोचरं थंड असतं. हिवाळ्यातली उरलीसुरली बदकं दिसतील. आईला सावलीत खुर्ची टाकून द्या. रविवारी दक्षिण काठ बघा. पेज पुढच्या वेळी.

एक खबरदारी : नवाहो या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशात उन्हाळी वेळ (घड्याळ एक तास पुढे) पाळतात, बाकी अॅरिझोनात नाही. पुलाच्या आसपास मोबाइलचं घड्याळ तासाने मागेपुढे उडी मारतं. मुक्कामाची वेळ ठरवताना मनगटी घड्याळ बघा.

दुर्बीण ८ गुणिले ४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची. १०ची घेतलीत तर बाबांचा हात हलला की पक्षीही हलेल.

प्रश्न : मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावलेलं चालतं का?

उत्तर : नको. विणीच्या दिवसांत पक्ष्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो घरटं, खाणं सोडून त्याला शोधत राहतो. अनेक राष्ट्रीय उद्यानांत याला मनाईही आहे. अॅप ऐकण्यासाठी वापरा, वाजवण्यासाठी नको. कॅन्यन रेनसाठी तर तेवढंही लागत नाही. मुठीत मावेल एवढा तपकिरी, पांढऱ्या गळ्याचा पक्षी, पण त्याची तान वरून सुरू होते आणि एकेक पायरी उतरावी तशी खाली येते, सगळी दरी भरून टाकते. लीज फेरीच्या वाटेवर सकाळी कड्यापाशी गाडी बाजूला लावा, इंजिन बंद करा आणि काचा खाली घ्या.