एकत्रित बी.एड.-एम.एड. घेऊ का?

प्रश्न : आदरणीय बाई, मी उदगीरची. एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. शिक्षिका व्हायचं हे नक्की. मैत्रीण म्हणते, तीन वर्षांचं एकत्रित बी.एड.-एम.एड. कर, वेगवेगळं करण्यापेक्षा एक वर्ष वाचतं. बाबा म्हणतात, दोन वर्षांचं बी.एड. करून नोकरीचं बघ. काय करू?

उत्तर : तुला शिकवायचंय कुणाला, हे पत्रात आलेलं नाही. नववी-दहावीला, अकरावी-बारावीला, की उद्या शिक्षक होणाऱ्यांना? निर्णय त्यावरच घ्यायला हवा.

माध्यमिक शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला तुझं एम.एस्सी. आणि बी.एड. पुरेसं आहे, एम.एड.ची तिथे अट नाही. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून निवड होते ती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर. त्या चाचणीच्या २०० गुणांत एम.एड.मुळे एकाचीही भर पडत नाही. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागेल. पहिली ते पाचवीचा विचार मात्र सोड. बी.एड. ही त्या वर्गांसाठीची पात्रता नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

एम.एड. लागतं ते अध्यापक महाविद्यालयात, म्हणजे बी.एड.च्या कॉलेजात शिकवायला. तिथे विषयातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. दोन्ही हवं, शिवाय नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा. हेच मनात पक्कं असेल आणि घरून तीन वर्षांचा खर्च झेपत असेल, तर एकत्रित अभ्यासक्रम घ्यायला हरकत नाही. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के लागतात आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. पण एक अट प्रवेशाआधी नीट वाच : या अभ्यासक्रमातून मध्येच बाहेर पडता येत नाही. दुसऱ्या वर्षानंतर घरची अडचण आली आणि सोडावं लागलं, तर 'निदान बी.एड. तरी पदरात पडलं' असं होत नाही.

माझं मत विचारशील तर आधी बी.एड. कर, दोन-तीन वर्षं स्वतःचा वर्ग सांभाळ आणि मग एम.एड.ला ये. का, तेही सांगते. मी बी.एड.ला गणिताची अध्यापन पद्धती शिकवत असे. एकदा सराव पाठ, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थिनीने शाळेत घेतलेला तास, पाहायला मागच्या बाकावर बसले होते. पूर्णांकांचा गुणाकार चालला होता. फळ्यावर (-३) × (-४) = १२ आलं आणि एका मुलाने विचारलं, "बाई, दोन्ही उणे असताना उत्तर अधिक कसं?" छात्राध्यापिका म्हणाली, "तसा नियम आहे," आणि पुढे गेली. तिचं पाठ टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, अगदी व्यवस्थित होतं, पण हा प्रश्न त्यात नव्हता. पाठानंतरच्या चर्चेत आम्ही उणे तीनचा पाढा उलटा म्हणून पाहिला : दोनदा घेतले की -६, एकदा -३, शून्य वेळा ०. दर पायरीला तीन वाढतात, म्हणजे पुढची पायरी (-३) × (-१) म्हणजे ३ यायलाच हवी. दुसऱ्या दिवशी तिने तेच वर्गात मांडलं आणि चार-पाच मुलं पुढच्या पायऱ्या आपणहून सांगू लागली.

बी.एड.च्या २० आठवड्यांच्या शाळेतल्या कामात असे प्रश्न थोडे भेटतात, स्वतःच्या वर्गात ते रोज भेटतात. शाळेत शिकवून एम.एड.ला आलेले विद्यार्थी लघुप्रबंधाचा विषय आपल्या वर्गातून घेऊन यायचे. थेट आलेल्यांपैकी बरेच जण ग्रंथालयात जुने प्रबंध चाळत बसायचे. जो शिक्षक घडवणार, त्याने आधी मुलांपुढे उभं राहिलेलं असावं, असं मला फार मनापासून वाटतं.

बाबांनाही एक सांग. अनुदानित शाळेत निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून असतात. मानधन माध्यमिकला महिना १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. हिशोब त्यावर करा. आणि कुठेही प्रवेश घेण्याआधी एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता व विद्यापीठाची संलग्नता तपास. सराव पाठ कोणत्या शाळांत होतात, हे त्या कॉलेजच्या आताच्या विद्यार्थ्यांना जाऊन विचार.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. चार वर्षांचं बी.एस्सी.-बी.एड. केलं तर पुढे एम.एस्सी. करावं लागेल का? (एक पालक, कराड)

उत्तर : दहावीपर्यंत शिकवायचं असेल तर नाही. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर हो, त्याच विषयात. तीन वर्षं पदवी आणि दोन वर्षं बी.एड. या वाटेपेक्षा एक वर्ष वाचतं आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा कलही चार वर्षांच्या अभ्यासक्रमाकडेच आहे. मात्र शिक्षक व्हायची इच्छा मुलाची स्वतःची असेल तरच घाला. प्रवेशाआधी त्याला आठवडाभर शेजारची लहान मुलं शिकवायला बसवा आणि मग त्यालाच विचारा.