प्लाझ्मा टीव्ही अजून मन भरून चित्र देतोय, मग ओएलईडीसाठी हप्ता सुरू करावा का?

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ५४, खासगी नोकरी, हातात पगार ९२,००० रुपये. घरखर्च आणि गृहकर्जाचा २७,४०० रुपयांचा हप्ता मिळून महिन्याला ७८,००० जातात. कर्ज अजून ११ लाख बाकी आहे. अडीअडचणीसाठी १ लाख ८० हजारांची एफडी आहे आणि मुलीच्या कॉलेजच्या फीचे पैसे त्यांनी वेगळे काढून ठेवलेत. हॉलमध्ये २०१३च्या दिवाळीत घेतलेला ५५ इंची पॅनासोनिक व्हीटी६० प्लाझ्मा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचं म्हणणं, हा एक्स्चेंजमध्ये देऊन ६५ इंची ओएलईडी घ्या. किंमत १ लाख ६८ हजार, ‘नो कॉस्ट’ हप्ता १४,००० रुपये, १२ महिने. जुन्या टीव्हीचे दुकानदार ३,००० देतोय. शिवाय मुंबईत कोणीतरी ५० इंची पायोनियर कुरो हा जुना प्लाझ्मा ४०,००० ला विकतोय, तो ‘स्पेअर’ म्हणून घेऊन ठेवावा का, हा दुसरा प्रश्न.

पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: “रात्री दिवे मालवून बसलो की अंधाऱ्या प्रसंगात टीव्हीची चौकट कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि माणसाचा चेहरा माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो.”

सप्रेम नमस्कार.

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि त्यामागे कारणही आहे. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका म्हणजे निऑन-झेनॉन वायू भरलेली एक इवलीशी कुपी. विजेनं वायू पेटतो, त्यातून अतिनील किरण निघतात आणि कुपीतल्या फॉस्फरला उजळवतात. मागे सतत जळणारा दिवा नाही, म्हणून काळं खरंच काळं दिसतं. २०१३च्या सुमारास तुमच्या मॉडेलची गणना जगातल्या सर्वोत्तम टीव्हींमध्ये व्हायची. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅनासोनिकनं प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं आणि पुढच्या वर्षी सॅमसंग, एलजीही बाहेर पडले. थोडक्यात, त्या तंत्राचा जवळजवळ शेवटचा आणि उत्तम माल तुमच्या हॉलमध्ये आहे. दुकानदार देत असलेले ३,००० हे काच आणि धातूचे. चित्राचं मोल त्यात नाही, कारण ते त्याला विकता येत नाही. तुम्हाला ते रोज रात्री मिळतंय आणि त्याचे पैसे तुम्ही बारा वर्षांपूर्वीच मोजलेत. म्हणून हे ३,००० निर्णयातून वजाच करा.

आता मुलाची बाजू. तोही चुकीचं सांगत नाही. ओएलईडीतला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि पूर्ण विझतो. प्लाझ्माची कुपी पेटायला तयार राहावी म्हणून तिच्यात किंचित प्रभार ठेवावा लागतो, त्यामुळे मिट्ट काळोखात प्लाझ्माचा काळा एक केसभर उजळच राहतो. एचडीआरमधली, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्रातली, दिव्याची, पाण्यावरची चमक तुमच्या पडद्यावर येणारच नाही. पण 4के म्हणजे चौपट ठिपके म्हणून चौपट स्पष्ट चित्र, असा हिशेब नसतो. तुमचा सोफा दहा फुटांवर आहे. ५५ इंची पडद्यावरचे फुल एचडीचे ठिपके साधारण सात फुटांपलीकडून सामान्य नजरेला वेगळे दिसत नाहीत, ६५ इंचीवरचे साडेआठ फुटांपलीकडून. त्या जागी बसून 4केचा फायदा थोडाच कळेल. मोठ्या आकाराचा आणि एचडीआरचा मात्र कळेल.

क्रिकेटबद्दल तुम्ही विचारलंय, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्लाझ्मा प्रत्येक चित्र छोट्या छोट्या झगमगाटांनी उभं करतो आणि मध्ये विझतो, म्हणून सीमारेषेकडे पळणाऱ्या चेंडूमागे डोळा धावला तरी चेंडू रेघाटत नाही. ओएलईडीचा ठिपका क्षणात बदलतो खरा, पण पुढचं चित्र येईपर्यंत तो तसाच धरून ठेवतो. त्यामुळे चेंडूच्या कडा थोड्या पुसट होतात आणि सिनेमात कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळल्यासारखं वाटतं. मग लोक ‘स्मूथ’ची सेटिंग चालू करतात आणि सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. बारा वर्षं प्लाझ्मा पाहिलेल्या डोळ्याला हे पहिल्याच आठवड्यात खुपतं. दीड लाख खर्चून खुपलं तर वाईट वाटेल, म्हणून आधीच लिहितोय.

आता पैसे. त्याच दुकानात रोख किंमत विचारली तेव्हा १ लाख ५६ हजार सांगितली, असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय. सगळ्या पत्रातला हाच आकडा माझ्या सर्वात कामाचा. म्हणजे १ लाख ५६ हजारांच्या वस्तूसाठी तुम्ही १४,००० चे बारा हप्ते भरणार, १२,००० जास्त. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, त्यामुळे हा व्याजदर वर्षाला सुमारे १४ टक्के पडतो. त्यावर प्रोसेसिंग फी, आणि हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. ‘शून्य टक्के’ म्हणून व्याज किमतीत लपवण्याच्या पद्धतीवर रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच हरकत घेतली होती. तेव्हापासून नाव बदललं, पण ग्राहकाला हिशेब करावा लागतो तो लागतोच.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तुमच्याकडे महिन्याअखेर उरतात बरोबर १४,०००. हप्ताही १४,०००. एक वर्षभर घरात एक रुपया शिल्लक पडणार नाही. तुमची एफडी जेमतेम सव्वादोन महिन्यांचा खर्च भागवेल. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची खासगी नोकरी गेली तर दुसरी मिळायला सहा महिने सहज लागतात. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत मी हे पाहिलंय आणि तेव्हा घरात होणारी ओढाताण फार वाईट असते. त्यामुळे हप्त्यावर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. एफडी मोडूनही नको.

विजेची बचत होऊन टीव्हीचे पैसे निघतील, हा मुलाचा मुद्दाही मी मांडून पाहिला. तुम्ही प्लगमध्ये मीटर लावून प्लाझ्माचे सरासरी २९० वॅट मोजलेत, हे फार छान केलंत. ६५ इंची ओएलईडीचे १२० धरू. रोज सात तास म्हणजे महिन्याला ३६ युनिटं वाचतील. तुमच्या बिलात वरच्या टप्प्यातलं युनिट सगळे आकार धरून १२ रुपयांना पडतंय, म्हणजे वर्षाला पाचएक हजार. दीड लाख वसूल व्हायला तीस वर्षं.

पण या सात तासांत मला वेगळीच गोष्ट दिसली. त्यातले चार तास तुमच्या आई दुपारी बातम्या लावून बसतात. खालची पळती पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तासन्‌तास एकाच जागी. प्लाझ्माला हे चालत नाही, पडद्यावर फिकट छाप राहते. ओएलईडीलाही चालत नाही, त्यातही असे डाग कायमचे पडू शकतात आणि वॉरंटीत ते बहुतेक वेळा धरत नाहीत. म्हणजे नवा टीव्ही आणला तरी दुपारी आईंच्या हातातून रिमोट काढून घ्यायची वेळ येणार. ते करू नका. त्यांच्या खोलीत बारा हजारांच्या आसपासचा ३२ इंची साधा एलईडी लावा. तो ४५-५० वॅट खातो. चार तासांचा भार तिकडे गेला की महिन्याला जवळजवळ साडेतीनशे रुपये वाचतात, म्हणजे तीनेक वर्षांत त्याचे पैसे निघाले. आईंना हवं ते हवं तेव्हा लावता येईल आणि तुमचा प्लाझ्मा दिवसाला सातऐवजी तीन तासच चालेल. या सगळ्या पत्रव्यवहारात मी मनापासून करा म्हणेन असा खर्च हाच. या महिन्याच्या शिलकीतून रोख घ्या.

प्लाझ्मा किती दिवस पुरेल? आतापर्यंत साधारण तीस हजार तास झालेत. उजेड निम्म्यावर यायला एक लाख तास लागतात असं पॅनासोनिक सांगत असे. म्हणजे पडदा थकण्याआधी पॉवर सप्लायचे कपॅसिटर दगा देण्याची शक्यता जास्त, आणि ते बदलून देणारा कारागीर नाशिकमध्ये मिळेल. दुरुस्तीसाठी ८,००० ची मर्यादा आजच घालून घ्या. त्याच्या वर आकडा गेला किंवा पॅनेलच गेलं असं कळलं, तर तिथेच थांबा. मागची जाळी ब्रशनं साफ ठेवा, हवा खेळायला भिंतीपासून चार बोटं जागा सोडा आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढा.

कुरोबद्दल. जपानीत कुरो म्हणजे काळा, आणि २००७ साली पायोनियरनं ते नाव उगाच ठेवलं नव्हतं. पण कंपनीनं फेब्रुवारी २००९ मध्ये टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं. म्हणजे तो संच तुमच्यापेक्षाही चार-पाच वर्षं जुना. कपॅसिटर नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो, त्यामुळे ‘स्पेअर’ म्हणून खोक्यात ठेवलेला टीव्ही गरजेच्या दिवशी चालेलच असं नाही. मुंबई-नाशिक वाहतुकीत काचेला धक्का लागला तर चाळीस हजार गेले. तुम्हाला त्या चित्राची ओढ आहे हे मला समजतं, तरी नको.

पुढच्या महिन्यापासून उरणाऱ्या १४,००० मधले ८,००० अडचणीच्या निधीत टाका. उरलेल्या ६,००० चं दोन वर्षांचं आरडी काढा आणि पासबुकावर पेन्सिलनं ‘टीव्ही’ लिहा. ६ टक्के व्याज धरलं तरी शेवटी १ लाख ५३ हजारांच्या आसपास हातात येतात. मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८वरून १८ टक्क्यांवर आलाय आणि नवी मॉडेलं आली की मागच्या वर्षीची स्वस्त होतात, त्यामुळे दोन वर्षांनी तेवढ्या पैशांत आजच्यापेक्षा बरा टीव्ही येईल असा माझा अंदाज आहे. प्लाझ्मा आठव्या महिन्यातच गेला, तर जमलेले पन्नासएक हजार घेऊन चांगला एलईडी आणा आणि आरडी नव्यानं सुरू करा.

मुलाला नाराज करू नका. तो दिवाळीला आला की दोघं मिळून दुकानात जा आणि ओएलईडीवर ‘स्मूथ’ची सेटिंग बंद करून क्रिकेटचा सामना लावायला सांगा. दहा फुटांवर उभं राहून दहा मिनिटं नुसता चेंडू बघा. काय दिसलं ते मला कळवा, आणि आईंचा टीव्ही वेगळा झाल्यावर मीटरचा नवा आकडाही.