ट्रेडमिलचा पट्टा आणि पळवलेली किल्ली

प्रश्न : आमच्या ट्रेडमिलवर पाय टेकला की पट्टा अडखळतो, शिवाय डावीकडे सरकतो. त्यात धाकटी लेक लाल सेफ्टी की खेळायला पळवते, मग मशीन सुरूच होत नाही. किल्लीच्या जागी फ्रिजचा मॅग्नेट लावला तर चालेल का?
– एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : मॅग्नेट मुळीच लावू नका. तोल गेला तर कपड्याला अडकवलेली दोरी किल्ली ओढून मशीन थांबवते. मॅग्नेट तसाच चिकटून राहील. वापर नसताना किल्ली उंचावर ठेवा आणि प्लग काढा. मागच्या रोलरपाशी मुलांची बोटं अडकतात, हा धोका खरा आहे.

आता पट्टा. प्लग काढून तो मधोमध कडेने उचला. साधारण ५ ते ७ सेंटिमीटर उचलला गेला तर ताण ठीक. जास्त सैल असेल तर मागचे दोन्ही बोल्ट अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) घड्याळाच्या दिशेने पाव-पाव फेरा आवळा. फार आवळलात तर मोटर आणि बेअरिंग झिजतात. डावीकडे सरकत असेल तर फक्त डावा बोल्ट पाव फेरा, मग ताशी ४ किलोमीटर वेगाने दोनेक मिनिटं रिकामं चालवून पाहा.

पट्ट्याखाली हात घातल्यावर कोरडं लागलं तर सिलिकॉन ऑइल घाला, माहितीपुस्तिकेत दिलं असेल तेवढंच. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको. ऑइल जास्त झालं तरी पट्टा घसरतो. बाल्कनीत मशीन असेल तर आत घ्या; धूळ आणि पावसाळी दमट हवा दोन्ही त्याला बाधतात.