सत्तर अर्ज, एकही फोन नाही: एमबीएनंतर नेमकं अडतं कुठे?

"मॅडम, कॉलेजचं नाव बघूनच माझा सीव्ही बाजूला टाकत असतील ना?"

प्रश्न विचारणारी मुलगी एमबीए फायनान्सच्या शेवटच्या सत्रात होती. मूळची बार्शीकडची, कर्वेनगरला मैत्रिणींबरोबर राहणारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, पण कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या मोजक्या, त्यातल्याही बऱ्याच विमा आणि कर्ज विकायला माणसं हवी असलेल्या. म्हणून तिनं जॉब पोर्टलवरून स्वतःच अर्ज सुरू केले. तीन महिन्यांत सत्तर अर्ज झाले आणि एकही फोन आला नाही. आता घरून पंचवीस हजार मागून डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स करायचा आणि जोडीला इंग्रजी संभाषणाचा क्लास लावायचा, असं तिनं जवळजवळ ठरवलं होतं. बाबांना सांगायचं कसं, एवढंच बाकी होतं.

ही काळजी घेऊन येणारी मुलं पुण्यात दर वर्षी भेटतात, आणि बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. म्हणून आधी तिला एक तक्ता करायला सांगितला. चार रकाने: छाननी, लेखी चाचणी, गटचर्चा, मुलाखत. प्रत्येक अर्ज कुठल्या रकान्यात थांबला, तेवढंच लिहायचं. सत्तरच्या सत्तर अर्ज पहिल्याच रकान्यात पडलेले. याशिवाय ती चार पूल कॅम्पसला बसली होती. पूल कॅम्पस म्हणजे अनेक कॉलेजांची मुलं एकाच ठिकाणी बोलावून केलेली भरती. त्यात दोन ठिकाणी पात्रता यादीतच नाव नव्हतं. उरलेल्या दोन्ही ठिकाणी चाचणी पास, गटचर्चाही पास, आणि दोन्हीकडे मुलाखतीत बाहेर.

म्हणजे इंग्रजीमुळे ती कुठेच अडली नव्हती. इंग्रजीची परीक्षा खरं तर गटचर्चेत होते, आणि ती तिनं दोनदा पार केली होती. अडचण दोन ठिकाणी होती: अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी.

सुरुवातीचं पाहू. फ्रेशरच्या एका जागेवर शेकडो, कधी हजारांवर अर्ज येतात. एचआरचा माणूस ते एकेक उघडून वाचत बसत नाही. कॅम्पसला कॉलेजचा प्लेसमेंट सेल एक एक्सेल शीट पाठवतो: दहावी, बारावी, पदवी, एमबीएचे आतापर्यंतचे गुण, चालू बॅकलॉग (अजून सुटायचे राहिलेले विषय). पुष्कळ कंपन्या सगळीकडे ६० टक्के आणि एकही चालू बॅकलॉग नाही, असा फिल्टर लावतात. तिला सगळीकडे ६० च्या वर गुण होते. तरीही दोन पात्रता याद्यांमधून ती कशी गळली? तिनं भरलेला फॉर्म मागवून घेतला. टक्क्यांच्या रकान्यात तिनं सीजीपीए, म्हणजे दहापैकी मोजलेले सरासरी श्रेणी-गुण, लिहिला होता, ७.८. फिल्टरला तो आकडा ७.८ टक्केच दिसतो आणि नाव जातं. विद्यापीठाच्या सूत्रानं टक्के काढायचे, ते लिहायचे आणि तोच आकडा सीव्हीवरही ठेवायचा, एवढीच दुरुस्ती. आणि ज्याचे खरोखर ५९.४ आहेत त्यानं ६० कधीही लिहू नये. निवड झाल्यावर पार्श्वभूमी तपासणीत गुणपत्रिका बघितल्या जातात, आणि तिथे सापडलेली तफावत हातातली ऑफर घालवते.

पोर्टलवर तऱ्हा वेगळी. तिथे एचआर शब्द टाकून शोधतो: 'एमआयएस', 'टॅली', 'पिव्हट टेबल', 'अकाउंट्स रिसिव्हेबल', जोडीला शहर आणि पासिंगचं वर्ष. प्रोफाइल अलीकडे वापरात आहे का, तेही गाळून बघता येतं. तिचा सीव्ही दोन रकान्यांच्या रंगीत टेम्प्लेटमध्ये होता, कौशल्यं पट्ट्या आणि ठिपके रंगवून दाखवलेली, फोन नंबर हेडरमध्ये. माणसाच्या डोळ्यांना तो छान दिसतो. पण सीव्हीतला मजकूर उचलणाऱ्या सॉफ्टवेअरला चित्रं वाचता येत नाहीत, दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात, आणि हेडरमधला नंबर कधी कधी सुटतो. तपासायचा सोपा उपाय असा: सीव्हीच्या पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जो गोंधळ दिसेल, साधारण तसाच तो कंपनीच्या यंत्रणेत जातो. तिच्या नोटपॅडमध्ये 'एक्सेल' हा शब्दच आला नाही, कारण तो चित्राचा भाग होता.

आता त्यातला मजकूर. इंटर्नशिपखाली तिची ओळ होती: 'फायनान्स विभागात काम केले व खेळत्या भांडवलाचे ज्ञान मिळवले.' ही ओळ फायनान्सच्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या सीव्हीवर चालेल, म्हणून ती काहीच सांगत नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तिनं आठ आठवडे रोज थकबाकीच्या नोंदी तपासल्या होत्या. नवी ओळ अशी झाली: 'सुमारे १४० ग्राहकांच्या थकबाकीची ३०, ६०, ९० दिवसांनुसार एक्सेलमध्ये विभागणी; ९० दिवसांवरची येणी वेगळी काढून दर सोमवारी वसुली विभागाला यादी.' मेहनत तीच होती. सहा महिने ती सीव्हीत लपून बसली होती, याचं फार वाईट वाटलं.

एकच सीव्ही सत्तर ठिकाणी पाठवणं, हेही थांबवायला हवं होतं. जाहिरातीतलं कामाचं वर्णन वाचायचं, त्यातले जे चार-पाच शब्द आपल्याला खरोखर लागू होतात ते त्याच शब्दांत सीव्हीत आणायचे, आणि आठवड्याला आठ-दहाच अर्ज करायचे. त्या कंपनीत आपल्या कॉलेजचं कुणी सीनियर असेल तर आधी त्याला विचारायचं. बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्यानं सुचवलेला सीव्ही आधी उघडला जातो. नुसतं 'सर, प्लीज रेफर करा' असं पाठवून उपयोग नसतो. जागेचा क्रमांक, सीव्ही आणि आपण तिथे का बसतो याच्या दोन ओळी सोबत दिल्या, तर समोरच्याला एका मिनिटात पुढे पाठवता येतं. आणि नोंदणी किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीला एक रुपयाही देऊ नये. माणूस हवा असलेली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

लेखी चाचणी आणि गटचर्चेबद्दल थोडक्यात, कारण तिथे ती ठीक होती. चाचणीत अनेकदा प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ असतो, त्यामुळे गणितात भरपूर मिळवून भाषेची कमी भरून निघत नाही. गटचर्चेत आठ-दहा जण आणि दहा-पंधरा मिनिटं. आवाज चढवणाऱ्यापेक्षा आधीच्याचा मुद्दा पकडून त्यात एखादा आकडा किंवा उदाहरण घालणारा उमेदवार निवडणाऱ्याच्या लक्षात राहतो. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन-तीन मुद्दे पुरतात.

मुलाखतीत मात्र खरी गळती होती. दोन्हीकडे तिला इंटर्नशिपवर विचारलं होतं आणि दोन्हीकडे तिनं व्याख्या सांगितल्या. आमच्यासमोर बसवून विचारलं, "वर्षाची विक्री १२ कोटी, ग्राहकांकडून येणं २ कोटी. पैसे यायला सरासरी किती दिवस लागतात?"

ती म्हणाली, "डेटर्स भागिले सेल्स, गुणिले ३६५."

"उत्तर?"

शांतता. मग कागदावर मांडणी, आणि ६१ दिवस.

"जिथे इंटर्नशिप केलीस, तिथे किती होते?"

ते तिला सांगता येईना. अहवाल ८० पानांचा, पण त्यातला हा एक आकडा तोंडपाठ नव्हता. मुलाखत घेणारा फायनान्स मॅनेजर नेमकं हेच शोधत असतो: हिनं काम स्वतः केलंय का, आणि आकडा वाचून त्याचा अर्थ हिला लागतो का. ६१ दिवस जास्त की कमी, हे उधारीची मुदत माहीत असल्याशिवाय ठरत नाही. ४५ दिवसांची उधारी असेल तर पैसे १६ दिवस उशिरा येतायत, तेवढे दिवस पगार आणि कच्च्या मालासाठी बँकेची कॅश क्रेडिट (गरजेप्रमाणे उचलायची कर्जमर्यादा) वापरावी लागते आणि व्याज चढतं. एवढं तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, मराठी वळणाच्या इंग्रजीत सांगितलं तरी चालतं. अहवालातले असे दहा आकडे काढून प्रत्येकाला 'इतका का?' आणि 'मग काय केलं?' हे दोन प्रश्न विचारायचे, एवढा अभ्यास तिला दिला. जोडीला रोज अर्धा तास एक्सेल, तेही कारखान्यासारखाच एक कच्चा तक्ता घेऊन, कारण काही ठिकाणी समोर लॅपटॉप ठेवून व्हीलुकअप आणि पिव्हट करायला लावतात.

कोर्सचे पैसे तिनं भरले नाहीत. पुढच्या दीड महिन्यात चार ठिकाणांहून फोन आले आणि भोसरीतल्या एका उत्पादन कंपनीनं वार्षिक ४.२ लाख सीटीसीची ऑफर दिली. सीटीसी म्हणजे कंपनीचा त्या माणसावर होणारा एकूण वार्षिक खर्च, हातात येणारा पगार नव्हे. बाबा आनंदानं म्हणाले, "म्हणजे महिना पस्तीस हजार!" तो हिशेब तिच्यासोबत बसून मांडला. कामगिरीवर अवलंबून असलेले ४२ हजार वर्षाअखेरीस, तेही पूर्ण मिळतील याची हमी नाही. कंपनीचा पीएफचा वाटा २१,६००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १०,१०० आणि गटविम्याचा हप्ता ६,३००. उरले ३ लाख ४० हजार, महिन्याला २८,३३३. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता हातात २६,३०० च्या आसपास. एवढ्यात भोसरीजवळ राहून तिचं भागणार होतं. होकार कळवण्याआधी तिनं एचआरला ईमेलवर तीन प्रश्न विचारले: बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का, प्रोबेशन किती महिन्यांचं, आणि कामगिरीची ती रक्कम गेल्या वर्षी नव्या लोकांना साधारण किती टक्के मिळाली. तिन्हींची उत्तरं लेखी आली आणि मग तिनं सही केली.