'राजकीय दौरा' की 'राजनैतिक भेट'?

गुळाची अडत असलेल्या एका मित्राची शंका आहे. एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान बँकॉक आणि कोलंबोला जाऊन आले, त्या बातम्यांची कात्रणं त्याची मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी चाळतेय. एका कात्रणात 'राजकीय दौरा' आहे, दुसऱ्यात 'राजनैतिक भेट'. उत्तरपत्रिकेत काय लिहायचं?

'राजकीय' नको. ती बातमी आली त्या सकाळी मी मार्केट यार्डाजवळच्या टपरीवर होतो. कुणीतरी मथळा मोठ्यानं वाचला, तसा कप हातात धरलेला एक हमाल म्हणाला, "का? तिकडं बी इलेक्शन लागलंय व्हय?" माझ्या मते निकाल तिथंच लागला. मराठी कानाला 'राजकीय' म्हटलं की पक्ष, तिकीट, प्रचारसभा हेच ऐकू येतं.

मग हा शब्द मथळ्यात आला कुठून? हिंदीतून. हिंदीत 'राजकीय' म्हणजे सरकारी. 'राजकीय विद्यालय' ही तिथली सरकारी शाळा, आणि यजमान राष्ट्र पूर्ण मानमरातबानं पाहुण्याला बोलावतं ती 'राजकीय यात्रा'. कोलंबोची भेट तशीच होती, म्हणून हिंदी बातमीत तो शब्द चोख बसतो. आपल्याकडं त्या अर्थाला 'शासकीय' आहे. अंत्यसंस्कार आपण शासकीय इतमामात करतो. राजकीय इतमामात केले तर भांडणंच होतील.

उलट बाजूचा खड्डा आणखी खोल. हिंदीत 'राजनैतिक दल' म्हणजे आपला राजकीय पक्ष. आपण ज्याला राजनैतिक म्हणतो, म्हणजे देशादेशांतल्या संबंधांचं, त्याला ते 'राजनयिक' म्हणतात. 'राजनैतिक संबंध तोडले' हे मराठीत वाचलं की वकिलातीला कुलूप लागल्याचं कळतं. हिंदी वाचणाऱ्याला कुठलीतरी युती फुटली असंही वाटेल. 'राजनैतिक'मध्ये 'नैतिक' कशाला, 'राजनीतिक' हेच शुद्ध, असं काही व्याकरणवाले म्हणतात. म्हणोत. मराठीत हा शब्द या अर्थानं मुरला आहे. (इंग्रजीचाही घोळ कमी नव्हता: कोल्हापूर दरबाराशी कंपनी सरकारचा, पुढं इंग्रज सरकारचा व्यवहार बघणारा साहेब 'पोलिटिकल एजंट' म्हणवायचा आणि त्याला निवडणूक कधी लढवावी लागली नाही.)

आता दौरा की भेट. 'दौर' हा अरबी शब्द, अर्थ फेरा. त्यामुळं बँकॉक, मग कोलंबो, मग अनुराधापूर, हा दौरा. भेटीला मात्र समोर कुणीतरी लागतं. आपल्या कोल्हापुरात याचं नामी उदाहरण आहे. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या, म्हणजेच त्र्यंबोली देवीच्या, टेकडीवर जाते, ती त्र्यंबोलीची 'भेट'. विजयाच्या सोहळ्याचं बोलावणं राहून गेलं म्हणून त्र्यंबोली रुसून टेकडीवर जाऊन बसली, आणि मोठी देवी स्वतः तिचा रुसवा काढायला गेली, अशी कथा आहे. राजनैतिक भेट म्हणतात ती हीच. अंबाबाईचा दौरा असं कुणी म्हणून बघावं!

एक चूक हल्ली सर्रास दिसते: 'पंतप्रधानांनी राष्ट्राध्यक्षांना भेट दिली.' काय दिलं, पैठणी? गावाला, देशाला भेट देतात; माणसाची भेट घेतात.

मित्राची पुरवणी शंका जास्त झणझणीत आहे: व्यापार वाढवायलाच गेले होते, तर 'करार' कशाला, सरळ 'सौदा' म्हणा की. यार्डात रोज सौदे काढणाऱ्यानं हे विचारावं! सौदा त्या दिवशीच्या, समोर मांडलेल्या गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा. दर पुकारला, पटला, माल उचलला, संपलं. दर पाडला तर शेतकरी सौदे बंद पाडतात आणि उद्या पुन्हा नव्यानं सुरुवात. करारात पुढच्या वर्षांची बांधिलकी असते. बँकॉकला बिमस्टेकच्या, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या गटाच्या, सात देशांनी केला तो सागरी वाहतूक सहकार्याचा करार. माल समुद्रातून सुरळीत जावा यासाठीची ती व्यवस्था, त्यात कुणी कुणाला काही विकलं नाही. कोलंबोत विजेच्या जोडणीपासून संरक्षणापर्यंत बरेचसे 'सामंजस्य करार' झाले. ते कराराहूनही हलके: असं असं करायचं ठरवलंय, एवढंच.

तेव्हा मुलीला सांग, 'पंतप्रधानांचा थायलंड-श्रीलंका दौरा' एवढं लिहिलं तरी भागतं. विशेषण हवंच असेल तर 'राजनैतिक'. आणि सौदा यार्डातच राहू दे.