वाचक विचारतात: साहेबांचा नाताळ मेसेज, लसीचा फॉर्म आणि ३१ तारखेची गच्ची

हा डिसेंबर २०२० चा अंक आहे, खालचे नियम, तारखा, आकडे आणि पदं सगळी त्या महिन्यातली. या महिन्यात प्रश्नांचा ढीग आलाय आणि बहुतेक एकाच विषयावर, म्हणजे दिवाळीपासून नाताळपर्यंत मोबाईलवर येऊन पडणारे लोकप्रतिनिधींचे "शुभेच्छा कम कोरोना अपडेट". कोणाला राग आलाय, कोणाला हसू येतंय, आणि एकाला तर ते अपडेट लिहायचं काम लागलंय. त्यामुळे डाएट आणि ऑनलाईन शाळेचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, रागावू नका.

प्रश्न: आम्ही वसईचे. नाताळच्या आधी आमच्या नगरसेवकांचा मेसेज आला, दरवर्षी येतोच, पण यंदा त्यात कोरोना अपडेटपण होतं. वर सांताची टोपी लावलेला त्यांचा फोटो, कडेने नेत्यांचे गोल गोल फोटो आणि खाली "आपल्या प्रभागात कोरोना पूर्ण नियंत्रणात आहे, निश्चिंत होऊन सण साजरा करा". मिस्सेला म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला किती जण चालतात, कोरोनाची टेस्ट कुठे होते, यातलं काहीच नाही. आणि आमचे मिस्टर म्हणतात हे आता नगरसेवकच नाहीत. खरं काय?

ताई, मिस्टर बरोबर बोलतायत. वसई-विरार महापालिकेची मुदत या जूनमध्येच, म्हणजे जून २०२० मध्ये संपली, निवडणूक कोरोनामुळे झाली नाही, त्यामुळे तिथले ११५ च्या ११५ नगरसेवक आता माजी आहेत आणि कारभार प्रशासक म्हणून आयुक्त बघतायत. नवी मुंबई आणि औरंगाबादची निवडणूक तर एप्रिलमध्ये व्हायची होती ती पुढे गेली, तिथेही प्रशासकच, आणि नोव्हेंबरात कल्याण-डोंबिवली पण त्याच रांगेत जाऊन बसली. पण फ्लेक्सवरचा "नगरसेवक" काही पुसला जात नाही, फार तर "मा." लावतात, म्हणजे माननीय वाचा नाहीतर माजी वाचा, तुमची मर्जी.

माजी झाला म्हणून माणसाने शुभेच्छा देऊ नयेत असं मी म्हणणार नाही. उलट मार्च-एप्रिलमध्ये जेव्हा कोणी दाराबाहेर पडत नव्हतं तेव्हा धान्याची पोती खांद्यावर घेऊन चाळीत फिरलेले बरेच जण होते, पद असलेले होते आणि नसलेलेही होते, त्यांना लोक विसरलेले नाहीत. माझी तक्रार त्या "पूर्ण नियंत्रणात" वर आहे. हे कोणी ठरवलं? कशावरून? आकडे महापालिका देते, आणि ते प्रभागाप्रमाणे मिळतीलच असं नाही. मुंबईचंच बघा ना, तिथे रोजचे आकडे २४ प्रशासकीय वॉर्डांचे येतात आणि नगरसेवक आहेत २२७, प्रभागही तेवढेच. म्हणजे कोणी "माझ्या प्रभागात फक्त अकरा रुग्ण" असं छापलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की भाऊ, ही यादी तुमच्याकडे आली कुठून.

आणि "निश्चिंत होऊन" हा शब्द तर या वर्षी कोणीच कोणाला लिहू नये. ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात त्याने तर मुळीच नाही, कारण आजीला मिस्सेला न्यायचं की नाही हे घरात अशाच एका ओळीवरून ठरतं.

तुमच्या मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते मीच सांगतो. देवळं, चर्च, मशिदी सगळी १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. पण नाताळसाठी राज्याच्या गृह विभागाने वेगळ्या सूचना काढल्यात, चर्चमध्ये प्रार्थनेला जास्तीत जास्त ५० माणसं, साठीच्या वरच्यांनी आणि दहा वर्षांच्या आतल्या मुलांनी घरीच थांबावं, आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीची प्रार्थना संध्याकाळी ७ ला किंवा त्याआधी उरकावी. वसईतल्या पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या विभागात, एका मिस्सेला किती माणसं येतात ते मला सांगायला नको, पन्नास तर कॉयरमधले गाणारे आणि वेदीसेवक धरूनच होतील. म्हणून आपल्या पॅरिशमध्ये मिस्सा किती वेळा आहे, नाव आधी द्यायचंय का, ऑनलाईन दिसणार आहे का, हे फादरांकडून नाहीतर पॅरिश ऑफिसमधून विचारून घ्या. सांताच्या टोपीखाली हे मावलं असतं, तीन ओळी लागल्या असत्या फक्त.

प्रश्न: मी मुंबईत एका नगरसेविकेच्या ऑफिसात काम करतो. ताईंनी सांगितलंय नवीन वर्षाचा मेसेज तू लिही, त्यात वर्षभराचं कामपण आलं पाहिजे आणि कोरोनाची माहितीपण. मी चार ड्राफ्ट केले, चारही वाचून मलाच कंटाळा आला. कसा लिहू?

दादा, तुला कंटाळा आला ही चांगली खूण आहे, तुझ्या ताईंच्या मतदारांनाही आला असता.

आधी हे समज की तुझ्या ताईंच्या हातात काय आहे आणि काय नाही. लॉकडाऊन, कर्फ्यू, लोकल, हॉटेलं, शाळा यातलं काहीही नगरसेवक ठरवत नाही. १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, या दोन्हींच्या जोरावर राज्य सरकार आणि आयुक्त आदेश काढतात. इतकंच काय, कोविडचा खर्च पटापट करता यावा म्हणून मार्चमध्ये महापालिकेच्या स्थायी समितीनेच प्रशासनाला अधिकार देऊन टाकले होते आणि नंतर नगरसेवकच हिशोब मागत बसले. तेव्हा "आमच्या प्रयत्नांना यश, महिलांसाठी लोकल सुरू" असलं काही लिहू नको. महिलांना २१ ऑक्टोबरपासून लोकल मिळाली ती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर, तो निर्णय राज्य आणि रेल्वेच्या पत्रव्यवहारातून झाला, आणि लोकांना ते माहीत असतं रे. तसंच "माझे कुटुंब, माझी जबाबदारी". सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन बघितला तो आशाताईंनी, आरोग्य सेविकांनी आणि स्वयंसेवकांनी. ताईंनी स्वयंसेवक दिले असतील तर तेवढंच लिही, आणि त्या सेविकांचे आभार वरती घे, सगळ्यात शेवटी "तसेच" म्हणून नको.

मग ताईंच्या हातात उरतं काय? बरंच उरतं. सार्वजनिक शौचालय दिवसातून किती वेळा धुतलं जातंय, वस्तीत पाणी किती वाजता येतंय, सील केलेल्या बिल्डिंगचा कचरा कोण उचलतंय, दवाखान्यात टेस्टचं किट आहे का, बेड मिळत नसेल तर वॉर रूमच्या मागे लागणं. जूनपासून प्रत्येक वॉर्डात वॉर रूम झाली तेव्हापासून बेड तिथूनच मिळतो, ओळखीने नाही, निदान नियम तरी तसाच आहे. पण घाबरलेल्या घरातल्या माणसासाठी तो फोन लावून देणारं कोणीतरी लागतं आणि तेच नगरसेवकाचं खरं काम होतं या वर्षी. एका नगरसेवकामागे मुंबईत पन्नास-पंचावन्न हजार माणसं येतात, २०११ च्या जनगणनेचा सव्वा कोटी २२७ ने भागून बघ. त्यातल्या प्रत्येकाला फ्लेक्स दिसतो, फोन मात्र ज्याला गरज होती त्यालाच लक्षात राहतो.

मेसेज असा काहीतरी कर, शब्द तुझे घाल:

"नमस्कार. नवीन वर्षाच्या शुभेच्छा. हे वर्ष ज्यांच्या घरातलं माणूस घेऊन गेलं त्यांना काय बोलावं कळत नाही, आम्ही तुमच्यासोबत आहोत. ५ जानेवारी २०२१ पर्यंत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी आहे. मास्क नसेल तर दंड २०० रुपये. ताप, खोकला, वास जाणे असं काही वाटलं तर अमुक दवाखान्यात टेस्ट होते, वेळ अमुक. बेडसाठी आपल्या वॉर्डच्या वॉर रूमचा नंबर अमुक, नाही लागला तर महापालिकेचा १९१६, तरी नाही जमलं तर ऑफिसचा नंबर अमुक, रात्री पण उचलला जाईल. मुंबईत शाळा ३१ डिसेंबरपर्यंत बंद आहेत, पुढचं आयुक्त ठरवतील, कळलं की कळवू. या वर्षी जमलं ते: अमुक, तमुक. राहिलं ते: अमुक गल्लीचं गटार, अमुक शौचालयाचा दरवाजा."

ते "राहिलं ते" काढू नको. ताई म्हणतील विरोधक वापरतील, वापरू देत, गटार तुंबलंय हे त्या गल्लीला आधीच माहितीय. आणि "रात्री पण उचलला जाईल" हे खरंच उचलणार असाल तरच लिही, नाहीतर सकाळी १० ते ७ लिही, प्रामाणिकपणे.

फोटो एकच, तोही छोटा. इमेज करून पाठवू नको, साधा मजकूर पाठव, म्हणजे नंबर कॉपी करता येतो, म्हाताऱ्या माणसांना अक्षरं मोठी करून वाचता येतात. एवढी साधी गोष्ट कोणी करत नाही. आणि कोविड योद्धा सर्टिफिकेटं कोणाकोणाला दिली याची यादी नको, यंदा इतकी सर्टिफिकेटं वाटली गेली की ज्याला मिळालं नाही तोच सत्काराला पात्र आहे असं माझं मत झालंय. ते होमिओपॅथीच्या आर्सेनिक अल्बम गोळ्यांच्या बाटल्या फोटो लावून वाटल्या असतील तर त्याचाही उल्लेख टाळलेला बरा, त्याने कोरोना टळतो याला पुरावा काहीच नव्हता आणि गोळी खाल्ली म्हणून मास्क खाली आणणारी माणसं सगळ्यांनीच बघितली.

प्रश्न: मी ७१ वर्षांचा, दादरला राहतो. नगरसेवकांच्या ऑफिसातून मुलं आली, "लसीसाठी साहेबांकडे नाव नोंदवा" म्हणाली आणि फॉर्म दिला. आधार नंबर, मतदार ओळखपत्र, घरातल्या सगळ्यांचे मोबाईल आणि वाढदिवस मागितलेत. भरू का? नाही भरला तर नंबर मागे जाईल का?

काका, भरू नका. नंबर बिंबर काही मागे जात नाही.

आज, डिसेंबर २०२० मध्ये, हे लिहितोय तोवर देशात एकाही लसीला मंजुरी मिळालेली नाही. केंद्राचा आराखडा आहे तो असा: पहिले साधारण १ कोटी आरोग्य कर्मचारी, मग २ कोटी पोलीस, सफाई कामगार वगैरे फ्रंटलाईनवाले, मग २७ कोटी लोक म्हणजे पन्नाशीच्या वरचे आणि पन्नाशीच्या आतले पण आजार असलेले. मिळून ३० कोटी. तुम्ही त्या २७ मध्ये आपोआप येताय. पन्नाशीवरच्यांची यादी मतदार याद्यांवरून करायची असं केंद्राच्या सूचनांमध्येच आहे आणि नोंदणी को-विन नावाच्या सरकारी यंत्रणेत होणार, ती अजून सामान्य माणसासाठी उघडलेलीच नाही. नगरसेवकाच्या ऑफिसातल्या फाईलचा या सगळ्यात कुठेच संबंध येत नाही.

मग फॉर्म कशाला? आता लसीसाठी वाढदिवस कशाला लागतो ते तुम्हीच सांगा, तोही घरातल्या सगळ्यांचा. मुंबई महापालिकेची निवडणूक २०२२ च्या सुरुवातीला अपेक्षित आहे, तेव्हा वाढदिवसाला केक आणि मतदानाच्या आदल्या दिवशी फोन, दोन्ही वेळेवर येईल. हेतू वाईटच असेल असं नाही, कदाचित ज्येष्ठांची यादी करून उद्या केंद्रापर्यंत गाडीची सोय करायची असेल. तसं असेल तर नाव, पत्ता आणि चालता येतं की नाही एवढं पुरे. तेवढं द्या. आधार नंबर कोणाला देऊ नका आणि को-विनच्या नावाने फोन करून ओटीपी मागणाऱ्याला तर अजिबात नाही.

प्रश्न: सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. सहा महिने सरपंच नाही, प्रशासक आहे, ते आठवड्यातून एकदा दिसतात. आणि आता एकदम गावच्या ग्रुपवर सात जणांचे नवीन वर्षाचे मेसेज, सगळ्यांना कोरोनाची काळजी. ग्रामपंचायत निवडणुकीच्या आचारसंहितेत हे चालतं का?

चालतं. नुसत्या शुभेच्छांना आचारसंहिता आडवी येत नाही. शुभेच्छांसोबत कॅलेंडर, साडी, जेवणाचं कूपन असं काही आलं तर मात्र तहसीलदारांकडे तक्रार करा. राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींचं मतदान १५ जानेवारी २०२१ ला आहे, अर्ज भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत, म्हणजे तुमचे सात ३० तारखेला चौदा होतील. आणि गंमत अशी की सरपंचपदाचं आरक्षण यंदा निवडणुकीनंतर सुटणार आहे, तेव्हा "भावी सरपंच" म्हणून जो शुभेच्छा देतोय त्याला स्वतःलाच माहीत नाही तो भावी आहे की नाही. त्या सातही जणांना ग्रुपवरच एक प्रश्न टाका: शाळेत विलगीकरण कक्ष केला होता तेव्हा तिथे डबे कोण पोचवत होतं? गावाला उत्तर माहीत असतंच, पण ग्रुपवर आलेलं बरं.

प्रश्न: मुलगा लंडनहून शेवटच्या विमानांपैकी एकाने आला, त्याला हॉटेलात क्वारंटाईन केलंय, तेही आमच्याच खर्चाने. नगरसेवकांच्या मेसेजमध्ये "काहीही अडचण असल्यास २४ तास संपर्क करा" लिहिलंय. त्यांनी सांगितलं तर सोडतील का?

नाही, आणि सांगूही नका. तिकडे व्हायरसचा नवा प्रकार सापडलाय म्हणून तर तिथली विमानं ३१ डिसेंबर २०२० पर्यंत बंद केलीत. हॉटेलात जेवण नीट नाही, औषध पोचत नाही, अशी अडचण असेल तर जरूर फोन करा, त्यासाठीच ती ओळ आहे असं धरून चालू. फराळाचा डबा रिसेप्शनला ठेवू देतात का ते आधी हॉटेललाच विचारा.

प्रश्न: ३१ तारखेला सोसायटीच्या गच्चीवर बारा-पंधरा जण जमणार होतो. आमच्या इथल्या नेत्यांनी मेसेजमध्ये "नियम पाळून जल्लोष करा" लिहिलंय, म्हणजे परवानगी आहे असं सेक्रेटरी म्हणतात.

सेक्रेटरींना सांगा, नेत्याच्या मेसेजला परवानगी म्हणत नाहीत. यंदा, २०२० ला, महापालिका हद्दीत रात्री ११ नंतर पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही, आणि मुंबई पोलिसांनी गच्चीसुद्धा त्यात धरलीय. आठला जमा, अंतर ठेवून बसा, साडेदहाला आवरा, बाराचा काऊंटडाऊन आपापल्या टीव्हीसमोर. केक गच्चीवर कापणार असाल तर मेणबत्ती फुंकू नका, यंदा ती तशीच विझू द्या.