विजेचा भार कुठे पडतो आणि केव्हा: प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा मसुदा मिळाला आणि तो मी सावकाश वाचला. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे डेटा सेंटरची, म्हणजे संगणकांनी भरलेल्या प्रचंड इमारतींची, विजेची मागणी कशी वाढते आहे, हा विषय तू निवडलास याचे मला समाधान वाटते. आपल्या क्षेत्रात पुढे येणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाशी गाठ घालावीच लागणार आहे. मात्र मसुद्याचा पाया बदलावा असे माझे स्पष्ट मत आहे. चॅटबॉटला विचारलेल्या एका प्रश्नासाठी किती वीज लागते हे तू पहिल्याच प्रकरणात मांडले आहेस, त्या आकड्याला वापरकर्त्यांच्या संख्येने गुणले आहेस आणि त्या गुणाकारावर पुढचा सगळा डोलारा उभा केला आहेस. गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या जेमिनी या चॅटबॉटला विचारलेल्या सर्वसाधारण मजकुरी प्रश्नासाठी 0.24 वॅट-तास हा आकडा जाहीर केला. तेवढ्या विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम दीड मिनिट जळेल. हा आकडा वाचून एखाद्याला हायसे वाटेल आणि दुसरा त्याला अब्जावधींनी गुणून धास्तावेल, पण वीजवाहिनीवर आणि उपकेंद्रात काय घडते ते दोघांनाही समजणार नाही. शिवाय चॅटबॉटमागचे मॉडेल, म्हणजे उत्तरे तयार करणारी संगणकप्रणाली, घडवताना महिनोन्‌महिने चालणाऱ्या गणनेची वीज त्यात धरलेलीच नाही.

वार्षिक बेरजेचेही तसेच आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल 2025 च्या अहवालानुसार जगातील सर्व डेटा सेंटरनी 2024 मध्ये सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या ती दीड टक्का भरते. 2030 पर्यंत हा वापर सुमारे 945 अब्ज युनिटांवर जाईल, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. हे आकडे प्रबंधात अवश्य असावेत. परंतु दीड टक्का हा जगभर पसरलेला भार नाही, तो मोजक्या ठिकाणी एकवटलेला आहे. आयर्लंडमध्ये 2023 साली मीटरवर नोंदलेल्या विजेपैकी 21 टक्के वीज डेटा सेंटरनी घेतली. म्हणून तू ‘किती युनिट’ या प्रश्नाच्या आधी ‘किती मेगावॅट (म्हणजे एका क्षणी किती भार), कोणत्या उपकेंद्रावर आणि कोणत्या वेळी’ हा प्रश्न ठेवावास, अशी माझी सूचना आहे.

या दृष्टीने अभ्यासण्यासारखी सर्वांत चांगली जागा म्हणजे अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया. लाउडन काउंटीतील अ‍ॅशबर्नच्या आसपास डेटा सेंटरची जेवढी दाटी आहे तेवढी जगात अन्यत्र नाही. 10 जुलै 2024 रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास त्या भागातील एका 230 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीवरचा लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे आकाशातल्या विजेपासून वाहिनीचे रक्षण करणारे उपकरण, निकामी झाले. वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, स्वयंचलित यंत्रणेने ती पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला, दोष कायम असल्याने ती पुन्हा ट्रिप झाली, आणि असे 82 सेकंदांत सहा वेळा घडले. दर वेळी व्होल्टेज क्षणभर खाली गेले. डेटा सेंटरच्या यूपीएसमध्ये अशा घसरणी मोजण्याची सोय असते; मिनिटभरात तीन घसरणी मोजल्या गेल्या की ती यंत्रणा भार स्वतःच्या राखीव पुरवठ्यावर नेते आणि माणसाने हाताने परत जोडेपर्यंत ग्रिडकडे, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याकडे, वळत नाही. सर्वांच्या यंत्रणा जवळपास सारख्याच असल्यामुळे सुमारे 1,500 मेगावॅट भार एकदम ग्रिडवरून नाहीसा झाला. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी वर चढली आणि नियंत्रण कक्षातील अभियंत्यांना व्होल्टेज वर धरणाऱ्या कपॅसिटर बँका बाहेर काढून व्होल्टेज ताब्यात आणावे लागले. पाचशे मेगावॅटचे तीन वीजनिर्मिती संच एकाच वेळी बंद पडण्याची तयारी आपण पूर्वीपासून करत आलो आहोत, परंतु तेवढा ग्राहक एकाच क्षणी निघून जाईल हे कुणी फारसे गृहीत धरले नव्हते. अमेरिकेच्या ग्रिडच्या विश्वासार्हतेवर देखरेख करणाऱ्या नर्क (NERC) या संस्थेने या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला आहे. तो मिळवून शब्दन्‌शब्द वाच. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण त्यातच आहे.

त्याच भागाला सेवा देणाऱ्या पीजेएम या वीजबाजारात, गरजेच्या वेळी वीजनिर्मितीची क्षमता उपलब्ध ठेवण्याबद्दल मोजायचा दर आधीच्या लिलावात दिवसाला प्रति मेगावॅट 28.92 डॉलर होता. 2025–26 या वर्षासाठीच्या लिलावात तो 269.92 डॉलर झाला. जुने संच बंद होणे आणि नियमांतील बदल ही कारणेही त्यामागे होती, परंतु बाजाराच्या स्वतंत्र निरीक्षकाने डेटा सेंटरच्या भाराला त्यात मोठा वाटा दिला. हा वाढीव खर्च अखेरीस घरगुती ग्राहकाच्या बिलातही उतरतो. त्याने चॅटबॉटला कधी एक शब्दही विचारलेला नसला तरी तो त्याला चुकत नाही. मला या संपूर्ण विषयात सर्वाधिक टोचणारी गोष्ट हीच आहे, आणि प्रबंधात तिला तळटीपेपेक्षा मोठी जागा मिळायला हवी.

मग डेटा सेंटर तर पंचवीस वर्षांपासून आहेत, आताच हे का, असा प्रश्न परीक्षक विचारतील. 2010 ते 2018 या काळात जगभरातील गणनेचे काम कित्येक पटींनी वाढले, पण चिप, सर्व्हर आणि शीतकरण यांची कार्यक्षमताही सुधारल्यामुळे वीजवापर सुमारे सहा टक्केच वाढला. आज भाराची जातच बदलली आहे. पूर्वी एका रॅकला, म्हणजे सर्व्हरच्या कपाटाला, पाच ते दहा किलोवॅट पुरत असत, तर चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या 72 जीपीयूंच्या (वेगवान गणनेच्या चिपच्या) नव्या रॅकला सुमारे 120 किलोवॅट लागतात. आपल्या गावाकडची 100 केव्हीएची डीपी एका वस्तीला वीज देते. हे एकच कपाट तिच्या क्षमतेपेक्षा जास्त मागते. त्याशिवाय मॉडेलच्या प्रशिक्षणात हजारो जीपीयू एका तालात गणना करतात आणि एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी एकत्रच थबकतात, त्यामुळे भार सेकंदासेकंदाला चढतो आणि उतरतो. जनित्रांना हे सोसवत नाही.

डेटा सेंटरची इमारत दोनेक वर्षांत उभी राहते, पण वाहिनीला त्याहून कितीतरी अधिक वर्षे लागतात. हे समजण्यासाठी तुला परदेशी जायला नको. भारतातील डेटा सेंटरची सर्वाधिक क्षमता मुंबई महानगर प्रदेशात आहे, आणि ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा तू रोज लोकलने ओलांडतेस. मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची मर्यादा 12 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वांनी अनुभवली, जेव्हा कळवा–पडघा भागातील 400 केव्ही वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, शहराची वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. खारघर–विक्रोळी ही 400 केव्ही वाहिनी अनेक वर्षे रखडून 2023 मध्ये सुरू झाली. डेटा सेंटर 2020 च्या त्या बिघाडाचे कारण नव्हती आणि तसा सूरही लिखाणात येऊ देऊ नकोस. मात्र जिथे पारेषण आधीच ताणलेले आहे तिथे अहोरात्र सारखाच राहणारा भार येऊन बसतो, तेव्हा काय होईल हे मांडण्याचा अधिकार तुला आहे.

उपायांच्या प्रकरणात तू केवळ सौरऊर्जेवर भिस्त ठेवली आहेस, ते अपुरे आहे. प्रशिक्षणाचे काम काही तास मागेपुढे ढकलता येते, प्रश्नांची उत्तरे देण्याचे काम येत नाही. हा फरक धरून दोन्ही भार वेगळे मांड. व्होल्टेज क्षणभर घसरले तरी ग्रिडला धरून राहण्याची अट नव्या जोडणीत घालता येईल का, आणि नव्या उपकेंद्राचा खर्च ज्याच्यासाठी ते बांधले जाते त्यानेच सोसावा का, हे तपास. त्यासाठी राज्यातील विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवणाऱ्या, ठाणे–बेलापूर रस्त्यावरील राज्य भार प्रेषण केंद्रात जाण्याची लेखी परवानगी आधी माग. विभागाचे पत्र मी सोमवारी तयार ठेवतो. पहिल्या प्रकरणाला तूर्त हात लावू नकोस. दुसरे लिहून झाले की पहिल्यातले काय ठेवायचे ते आपण समोरासमोर बसून ठरवू.

कळावे,

तुझा शिक्षक